समोरच्या घराचं कौतुक

उरण तालुक्यातल्या जासईच्या सत्यवती घरत यांनी आयुष्यात सतरा सोयरिकी मोडल्या, आणि त्यातली एकही खोटं बोलून मोडली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची हकिगत ऐकून लोक म्हणतील, बाई कुचकट होती. कुचकट नव्हती हो. तिच्या जिभेत कला होती, आणि कला अंगात असली की माणसाला गप्प बसवत नाही.

त्यांच्याकडे रीतच अशी, की लग्न जमवायचं म्हटलं की माणसं आधी त्या घरी जात नाहीत, शेजारी जातात. उन्हातून आलो म्हणतात, घोटभर पाणी मागतात, भातशेतीच्या चार गोष्टी करतात आणि मग हळूच विचारतात, बाजूचे लोक कसे हो? सत्यवतीचं घर जासईत अशा मोक्याच्या जागी होतं की आजूबाजूच्या पाच घरांची चौकशी तिच्याच ओटीवर व्हायची. तिथं ती तयार झाली. वाईट बोलणाऱ्या शेजारणीवर कुणाचा विश्वास बसत नाही, लोक म्हणतात ही जळते. म्हणून तोंडातून फक्त चांगलं काढायचं. ‘पोरगा सोन्यासारखा हाय,’ असं म्हणायचं, पाण्याचा तांब्या खाली ठेवायचा, आणि म्हणायचं, ‘आता.’ पाहुणे घरी जाऊन आधी कसा होता याचा विचार करत बसायचे. फारच वेळ आली तर शेवटी एक ‘जाऊ दे’ टाकायचं. त्या ‘जाऊ दे’ला गावात भलेभले बाप घाबरून असायचे.

मोडल्या त्या सोयरिकी मोडायच्याच लायकीच्या होत्या, असं तिचं म्हणणं. एक तर पोरगा खरंच बाटलीतला असायचा, नाहीतर पोरगी मागच्या दारानं येऊन तिच्यापाशी रडून गेलेली असायची. सतरापैकी बारा जणींनी पुढं स्वतःच्या मुलांच्या लग्नाच्या पत्रिका तिला हातानं आणून दिल्या. उरलेल्या पाचांचं काय झालं, हे विचारलेलं तिला आवडत नसे.

अशी ही बाई अकरा वर्षांपूर्वी नवीन पनवेलच्या ‘निवांत’ सोसायटीत राहायला आली आणि बेकार झाली.

जमीन कंटेनरच्या यार्डात गेली, मुलानं, निकेशनं, ट्रेलर घेतले, सुनेला पनवेलला बँकेत नोकरी लागली, नात इंग्रजी शाळेत जायची झाली, म्हणून हा फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट, खाली मुलांना झोपाळा, आणि गेटपाशी पाटी, की दुपारी दोन ते चार आवाज करू नये. सत्यवती म्हणायची, दोन ते चारच कशाला, इथं सकाळपासून मेलं कुणी मोठ्यानं शिंकत नाय. दारं बंद. घरात माणूस आहे की नाही ते बाहेरच्या चपलांवरून ओळखायचं. लग्नं जमायची ती मोबाइलवर, चौकशीला कुणी येत नसे. बाकी जागा चांगली, मुलाबाळांची, सज्जनांची. सज्जनांचा सहवास किती जीव घेतो हे तिला पनवेलला येऊन कळलं.

समोरचं एक दार मात्र उघडं असायचं. तिथं हाजरा राहायची. मूळची उरणची, नवरा शकीलभाई, त्यांचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान. चार वर्षांपूर्वी शकीलभाई गेले. मुलगा फहाद मस्कतला नोकरीला, त्याचं बायको-पोरांसकट तिकडेच बस्तान. म्हणजे हाजरा एकटीच. सकाळी अकराला दोघींची कामं उरकली की दोन्ही दारं सताड उघडायची. मधे सहा फुटांचा पॅसेज. सत्यवती आपल्या उंबऱ्यावर, हाजरा आपल्या. एक कोलंबी सोलायची, दुसरी मेथी निवडायची, आणि दोघी भांडायच्या. उरण नाक्यावर कुणाची मासळी ताजी, कालवणात कोकम बरं की चिंच, मालिकेतली सून साळसूद की आतल्या गाठीची. हाजराचा आवाज बारीक, बोलणं अदबीचं, आणि तरी ती अकरा वर्षांत एकदाही हरली नव्हती.

या दोन तासांसाठी सत्यवतीचा दिवस उजाडायचा. पण हे तिनं हाजराला कधी सांगितलं नाही. माणसाच्या तोंडावर गोड बोलायचं तिला माहेरीही कुणी शिकवलं नव्हतं आणि सासरीही. नवरा चांगला माणूस होता, हेसुद्धा तिनं तो गेल्यावरच बोलून दाखवलं, तेही दहाव्याला.

आणि मग रमजान ईदनंतर आठ दिवसांनी हाजरा बाथरूममध्ये पाय घसरून पडली. नेमकी सत्यवती तेव्हा हळदीला जासईला गेलेली. कामवाली येईपर्यंत दीड तास हाजरा ओल्या फरशीवर पडून होती. हाड शाबूत राहिलं, पण मस्कतला फहादच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं फोनवरच ठरवून टाकलं, की फ्लॅट विकायचा आणि अम्मीला कायमचं घेऊन यायचं. हाजरानं ही बातमी मेथी निवडता निवडता सांगितली. सत्यवती म्हणाली, बरं झालं, पोराजवळ राहशील. मग आत जाऊन तिनं गॅसवर तवा ठेवला आणि त्याच्यावर काही न टाकता तशीच बघत उभी राहिली. हाजरा गेली तर या इमारतीत आपल्याशी भांडायला कुणी उरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी एजंट हितेशनं गेटवर कागद चिकटवला. ‘शांत वस्ती, कौटुंबिक वातावरण, स्टेशन दहा मिनिटं.’ दहा मिनिटं, पण धावत गेलं तर. सत्यवतीनं चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. जाऊ नको म्हणणारी आपण कोण, असं तिचं मन म्हणत होतं. पण शेजारचं कौतुक करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पहिलं एक तरुण जोडपं आलं. हाजराचं घर बघून झालं आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी सत्यवतीची बेल वाजवली. सत्यवतीला त्याचं नवल वाटलं नाही. चौकशी शेजारी करायची असते एवढं शहाणपण या शिकलेल्या पोरांना उरलंय, याचं तिला बरंच वाटलं. मुलीचं नाव रंजिता. तिला शांतता हवी होती, ऑफिसचं काम घरून करायचं म्हणाली. सत्यवतीनं शांततेची स्तुती सुरू केली. इतकं शांत हाय बाय, की आपल्याच दाराची बेल वाजली तरी दचकायला व्हतं. सुरुवातीला मला भ्या वाटायचं. आता सवय झाली. असं म्हणून तिनं हाजराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि पुढं काहीच बोलली नाही. रंजितानं नवऱ्याकडे बघितलं. लिफ्ट यायची वाट न बघता दोघं जिन्यानं उतरली.

नंतर एक निवृत्त साहेब आले, हातात वही. पाण्याचं कसं काय? सत्यवती म्हणाली, पाण्याला नाव ठेवाल तर जीभ झडंल, दोन टाइम येतं, एकदम फोर्सनं. आणि थांबून म्हणाली, आमच्याकडं तर येतंच. त्या ‘आमच्याकडं’वर तिनं किंचित भार दिला, तांब्या उचलताना द्यावा इतपतच. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, मग ते खोडलं.

तिसऱ्या आल्या त्या दिशा बघणाऱ्या बाई, होकायंत्र घेऊन. घर पूर्वाभिमुख आहे हे बघून त्या खूश होत्या. सत्यवती म्हणाली, घर लाभतं हो. शकीलभाई किती हसरा माणूस. शेवटपर्यंत हसत व्हते. एवढंच, आणि ते शंभर टक्के खरं. त्या दिवशी संध्याकाळी मात्र सत्यवतीला खाल्लेलं गोड लागेना. मेलेल्या माणसाला मधे ओढायला नको होतं. तिनं मनातल्या मनात शकीलभाईंची माफी मागितली, आणि ते असते तर पोट धरून हसले असते हेही तिला माहीत होतं.

चौथ्याला पार्किंगवर गारद केला. पाचवी एक मायलेकींची जोडी होती, त्यांना तिनं नुसतं विचारलं, की तुमाला सगळं सांगितलंय ना त्यांनी? सगळं म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, सत्यवतीलाही नाही. मायलेकी चहाही न घेता गेल्या.

हितेशची पंचाईत बघण्यासारखी होती. पोरगा डोकं खाजवत तिच्या दारात यायचा. आजी, म्हणायचा, गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन सांगतंय की शेजारच्या आजी फार चांगल्या आहेत, घराचं तोंडभरून कौतुक करतात. आणि मग फोनच उचलत नाही. तुम्ही एवढ्या मनापासून सांगताय, माझंच नशीब फुटकं. त्यानं तिला कृतज्ञतेनं पाव किलो पेढे आणून दिले. सत्यवतीनं ते घेतले. अर्धे हाजराला दिले. कशाचे, असं हाजरानं विचारलं नाही, दोन लागोपाठ तोंडात टाकले आणि म्हणाली, पेढे ताजे आहेत.

असे दोन महिने गेले. मग रजा टाकून फहाद स्वतः आला. पंधरा दिवसांत सौदा करून, अम्मीला घेऊनच परत जाणार म्हणाला. मुलगा वाईट नव्हता. आल्या आल्या त्यानं सत्यवतीला वाकून सलाम केला, खजूर दिले, आणि मावशी, तुम्ही होतात म्हणून इतकी वर्षं काळजी नव्हती, असं म्हणाला. पण त्या दीड तासाचा विषय निघाला की त्याचा चेहरा पडायचा. सत्यवतीला त्याच्यावर रागावता येईना, आणि त्याचाच तिला राग आला.

फहाद आला त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, सत्यवतीची बेल वाजली. दारात एक म्हातारी. हातात छत्री, नऊवारी पातळ, पायात मुलाचे जुने स्पोर्ट शूज. तिचा मुलगा आनंदा हितेशबरोबर समोर हाजराकडे शिरत होता, ही मात्र तिकडं न जाता सरळ इकडं आली होती. मी भीमाबाई, म्हणाली, उरणच्या मोऱ्याहून आले. उन्हातून आले, घोटभर पाणी दे बाय.

सत्यवतीनं तांब्या-पेला आणला. आजपर्यंत आलेली सगळी आधी घर बघायची आणि मग इकडं यायची. घर न बघता शेजारी येऊन पाणी मागणारी ही पहिलीच. खुर्ची दिली तर ती नको म्हणाली. फरशीवर बसली, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, म्हणजे पाणी पिता पिता समोरच्या घरातला हॉल दिसेल अशी. त्या जागी कशाला बसतात हे सत्यवतीला कुणी सांगायची गरज नव्हती. जासईत ती स्वतः तशीच बसायची.

“घर कसं हाय?” भीमाबाईनं विचारलं.

“सोन्यासारखं.” सत्यवतीनं तांब्या खाली ठेवला. “आता.”

भीमाबाईनं मान हलवली. पाण्याचं विचारलं, त्यावर आमच्याकडं तर रोज येतं, हे उत्तर तिनं शांतपणे ऐकून घेतलं. पार्किंगचं विचारलं, शांततेचं विचारलं. सत्यवतीनं आयुष्यभराची विद्या पणाला लावली. जिथं थांबायचं तिथं थांबली, जिथं नजर वळवायची तिथं वळवली, आणि शेवटी, हाजरासारखी शेजारीण दिवा घेऊन शोधून मिळायची नाय, पण जाऊ दे, असं म्हणून तिनं पदरानं गळा पुसला. इतकं बेमालूम काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं.

भीमाबाईनं रिकामा पेला फरशीवर उपडा ठेवला.

“किती मोडल्यास?”

“काय?”

“सोयरिकी.”

सत्यवतीच्या तोंडून निघूनच गेलं, “सतरा.”

“माज्या एकोणीस,” भीमाबाई म्हणाली. “एक दोनदा मोडली, ती दोन धरून.”

एरवी ओळख निघाल्याचा केवढा आनंद झाला असता. पण आज सत्यवती पकडली गेली होती. भीमाबाईनं तिला समजावून सांगितलं, अगदी मायेनं, की बाय, तुझं काम चांगलं हाय, पन माज्यावर चालायचं नाय. ज्या घराचं शेजारीण असं कौतुक करते, त्या घरात एक तर भूत असतं, नायतर तिचं माणूस असतं. भूत काय मला दिसत नाय. आनि जिथं शेजारी माणसाला असं धरून ठेवतात, तिथं घर घ्यावं, डोळे मिटून घ्यावं. असं म्हणून तिनं बसल्या जागेवरून, निवांत सोसायटीच्या सगळ्या पाट्यांना न जुमानता, समोर हाक मारली.

“आनंदा, घर पक्कं कर रे!”

सत्यवतीची कला तिच्याच गळ्यात आली होती. पाच गिऱ्हाइकं जिनं पळवून लावली, तिनंच सहावं गिऱ्हाईक हाजराच्या दारात बांधून दिलं. भीमाबाई उठली, छत्री घेतली, दारापर्यंत गेली आणि वळून तिनं विचारलं, की जाऊ नको असं तू तिला सांगितलंस काय?

नाय, सत्यवती म्हणाली.

का?

पोराजवळ चाललीय. मी कोण सांगणारी?

“मग बस कौतुक करत,” भीमाबाई म्हणाली आणि पॅसेज ओलांडून गेली.

समोर हॉलमध्ये हितेश कागद मांडून बसला होता. आनंदा खिशातून चेकबुक काढत होता. फहाद फोनवर मस्कतला घरी बोलत होता, हो हो, जमलं, म्हणत होता. हाजरा सोफ्याच्या कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिच्या पाठीमागे भिंतीला दोन मोठ्या बॅगा उभ्या होत्या, नव्या कोऱ्या, हँडलला नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. त्या बॅगा सत्यवतीला आपल्या उंबऱ्यावरून दिसल्या. ती उंबरा ओलांडून चालायला लागली. अकरा वर्षांत तो पॅसेज तिनं हजार वेळा ओलांडला असेल, कधी वाटी घेऊन, कधी डबा घेऊन. हात रिकामे असे हे पहिल्यांदाच.

“हाजरा,” ती म्हणाली, “तू जाऊ नको.”

फहादनं फोन कानापासून बाजूला केला. हितेशचं पेन हवेत राहिलं. एकदा तोंड उघडल्यावर सत्यवतीला थांबता येईना. माझा दिवस अकराला सुरू व्हतो, म्हणाली. तू गेलीस तर मी काय करू? या बिल्डिंगीत माज्याशी भांडतं कोण? पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय, पन सगळी सकाळी जातात आनि दिवेलागणीला येतात. मला तू पायजे. एवढंच. आणि मग ती रडायला लागली, आणि ते तिनं लपवलंही नाही.

हाजरा उठली नाही. तिनं फक्त नाकावरचा चष्मा काढून पदरानं पुसला.

“पाच माणसं मी तुझ्याकडे पाठवली,” ती तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली. “प्रत्येकाला सांगितलं, घर बघून झालं ना, आता समोर जाऊन विचारा. दार उघडं टाकून इथं ऐकत बसायची मी. एकदा तरी म्हणशील, ही बाई जायला नको. पाचांनाही तू पाणी आणि पार्किंगच सांगत बसलीस.”

आपण हाजराला फसवतोय म्हणून जी बाई दोन महिने आतल्या आत खजील होत होती, तिला हाजरा दोन महिने स्वतःच्या दारातून खेळवत होती. हितेशच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. म्हणजे आजी, तो हळूहळू म्हणाला, ती पाचही गिऱ्हाइकं तुम्ही... आणि मी पेढे दिले. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

फहाद आईकडे बघत होता. अम्मी, जायचं नव्हतं तर मला सांगायचं होतंस ना, म्हणाला. हाजरा म्हणाली, तुला काय सांगू बेटा? तू म्हणायचास, तिथं कुणासाठी राहायचंय? तुझे अब्बा गेले, दुकान गेलं. मी काय म्हणणार, समोरच्या बाईसाठी? त्या बाईनंच कधी ‘राहा’ म्हटलं नाही. मग मी कुणाच्या भरवशावर सांगायचं? फहादनं फोन बंद करून खिशात टाकला. पण तो मुलगा होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून ती ओली फरशी जात नव्हती. तो सत्यवतीकडे वळला.

“मावशी, पुन्हा पडली तर?”

“मी आनि ही दोघी आता एकाच घरात झोपू,” सत्यवती म्हणाली. “माझी गादी इकडं आनते. आनि हळदीला गेले तर हिला घेऊन जाईन. तिथं बसंल खुर्चीवर, आनि सगळ्यांच्या कालवणाला नावं ठेवंल.”

फहादनं हितेशच्या समोरचे कागद गोळा करून, नीट घडी घालून, त्याच्या हातात दिले आणि सॉरी भाई म्हणाला. हितेशनं भीमाबाईकडे आशेनं बघितलं. भीमाबाईनं आधीच शूजच्या नाड्या बांधायला घेतल्या होत्या. नको रे आनंदा, म्हणाली, हे घर आपल्याला नाय. तुटायची सोयरीक मला लांबून ओळखू येते. हाजरानं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. सुरमईचं कालवण होतं, कोकमातलं, आणि भीमाबाईनं ताटावर बसल्या बसल्या सांगितलं की यात चिंच पाहिजे होती. सत्यवतीला इतका आनंद झाला की तिनं भीमाबाईला आणखी एक तुकडी वाढली.

सगळी गेल्यावर, फहाद आतल्या खोलीत बायकोशी फोनवर लांबलचक खुलासा करत असताना, सत्यवतीनं पदर खोचला. चल, म्हणाली, या बॅगा आधी रिकाम्या करू, मला नजरेसमोर नको. तिनं पहिल्या बॅगेच्या हँडलला हात घातला आणि वजन असेल म्हणून चांगला जोर लावून उचलली. बॅग अशी वर आली की सत्यवती मागच्या मागे पडता पडता राहिली. तिनं चेन उघडली. आत काही नव्हतं. दुसरी उघडली. तीही तशीच.

हाजरा खिडकीतून खाली झोपाळ्याकडे बघत होती.

“आनि मी आज बोलले नसते तर?” सत्यवतीनं विचारलं.

“तर दुपारी भरायला घेतल्या असत्या,” हाजरा म्हणाली.

सत्यवती त्या रिकाम्या बॅगांशेजारी फरशीवर बसली, आणि हँडलला बांधलेल्या नावाच्या चिठ्ठ्या एकेक करून सोडवायला लागली.